कायमची नावड

केमोच्या पहिल्या दिवशी मी पेशंटला एक प्रश्न विचारते आणि सगळे माझ्याकडे, हिला वेड लागलंय की काय, अशा नजरेने बघतात. प्रश्न असा: कुठली चव तुमच्या आयुष्यातून कायमची गेली तरी चालेल?

एक निवृत्त शिंपी म्हणाले, "कारलं." एका बाईंनी नवरा पाणी आणायला गेलेला बघून हळूच सांगितलं, "सासूबाईंचं सूप." हसू येतं, पण मी गंमत म्हणून विचारत नाही. मी हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे, कर्करोगाच्या वॉर्डात, आणि हा माझ्या कामाचा भाग आहे. औषध शिरेतून आत जातं, काही तासांनी पोट ढवळायला लागतं आणि शरीर गुन्हेगार शोधायला निघतं. सलाइनच्या बाटलीचा त्याला संशय येत नाही. त्याला आठवतं ते सकाळी खाल्लेलं. मग ज्याचा काही दोष नाही असा एखादा आवडीचा पदार्थ जन्माचा नकोसा होऊन बसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. डोक्याला सगळं कळत असतं, पण पोट डोक्याचं ऐकत नाही.

म्हणून आम्हीच एक संन्यासी पुरवतो. माझ्या कोटाच्या खिशात बडीशेपेच्या उग्र वासाच्या कडक गोळ्या असतात. औषध सुरू व्हायच्या आधी एक चघळायची. मग शरीराला जो राग काढायचा तो ते गोळीवर काढतं आणि बाकीचं जेवण वाचतं. दर वेळी जमतंच असं नाही, पण बऱ्याचदा जमतं.

माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत जमलं.

त्याला आम्ही लहानपणापासून ढोल्या म्हणतो. जन्मला तेव्हाच गोल होता आणि पुढेही नावाला जागला. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचं खिडकीएवढं दुकान होतं. तिथे एकच गोष्ट मिळायची, मासळीचा बर्गर. कुणी चिकनचा मागितला की तो म्हणायचा, "शेजारी मिळेल." शेजारी कुलपं दुरुस्त करणारा बसायचा. पांढरा मासा तो सुरीनेच जाडसर चिरायचा, यंत्राला हात लावू द्यायचा नाही. अर्धी कोळंबी कुटून चिकट करायची, अर्धी तुकडे करून घालायची. त्या कुटलेल्या कोळंबीनेच सगळं एकजीव व्हायचं. "बटाटा घालतो तो चोर आणि ब्रेडचा चुरा घालतो तो दरोडेखोर," असं त्याचं मत. मीठ, मिरी, लिंबाची किसलेली साल, कांद्याची पात. हाताला चिकटेपर्यंत एकाच दिशेने कालवायचं, गार करायचं, मग तव्यावर लोण्यात. उलटायचं एकदाच. लोण्याबद्दल मी कुरकुर करायचे तेवढीच, नाहीतर वॉर्डातल्या अर्ध्या लोकांना मी तोच बर्गर लिहून दिला असता.

आणि त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, आरोग्यसाथी होती. आरोग्यसाथी म्हणजे पावडरचे डबे विकणारी. कंपनीने विक्रेत्यांना दिलेलं हे गोंडस नाव. डब्यावर हिरवं पान, पानावर दवाचा थेंब. आत दूध पावडर, साखर, चिमूटभर जीवनसत्त्वं, भरपूर व्हॅनिला, आणि शिवाय एक 'सत्त्वमिश्रण', ज्यातल्या घटकांची नावं छापलेली, पण काय किती आहे हे कंपनीचं गुपित. समोर मोठ्या अक्षरात 'वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध' आणि त्यापुढे एवढीशी चांदणी. चांदणीचा अर्थ डब्याच्या बुडाशी, मुंगीलाही चष्मा लावावा लागेल अशा टाइपात: हे उत्पादन कुठलाही आजार बरा करत नाही. 'शरीर आतून स्वच्छ करतं' म्हणे! अहो, ते काम यकृत आणि मूत्रपिंड आपण जन्मल्यापासून करतायत, आणि त्यांनी कधी फलक लावला नाही.

यावरून आमची दर भेटीत जुंपायची. "ताई, तुम्ही शिकलेल्या, पण माणसाला आशा लागते," ती म्हणायची. "आशा लागते, पण ती डब्यात भरायची नसते," मी म्हणायचे. ढोल्या मध्ये बसून मिटक्या मारत जेवायचा. एकदा मी तिला गिऱ्हाइकाशी बोलताना आडून ऐकलं होतं. पावडरचा विषय बाजूलाच होता. ती त्या बाईला विचारत होती, झोप लागते का, जेवताना सोबत कोण असतं. बाई रडली, आणि जाताना दोन डबे घेऊन गेली. माझ्याकडे एका पेशंटला द्यायला जेमतेम काही मिनिटं असतात, त्यात वजन, रक्ताचा रिपोर्ट आणि काल काय खाल्लंत. झोपेचं मी विचारत नाही. लोक पावडरच्या निमित्ताने ती विचारपूस विकत घ्यायचे, हे मला कळत होतं आणि म्हणून माझा राग आणखी वाढायचा.

दिवसभर ती नमुन्याचे ग्लास घुसळायची. बिछान्यामागे डब्यांची चळत होती. तिच्या कपड्यांना, पर्सला, उशीला व्हॅनिलाचा वास यायचा. ढोल्या मासळीचा वास घेऊन घरी यायचा. "आमच्याकडे जेवण मी आणतो आणि गोड ही," असं तो पाहुण्यांना सांगायचा, आणि ती त्याला चापट मारायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. एकमेकांवाचून दोघांचं पान हलत नसे.

ढोल्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला तेव्हा तो यकृतापर्यंत गेलेला होता. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, शरीराने औषधाला साथ दिली तर बराच काळ मिळू शकेल, पण वजन टिकलं पाहिजे. वजन ढासळलं तर औषध थांबवावं लागेल. आणि ढोल्याला तर अन्नाची शिसारी आलेली. भात नको, सूप नको, अंडं नको. फक्त स्वतःचा बर्गर तो अजून चवीने खात होता. मी ठरवलं, जग इकडचं तिकडे झालं तरी हा बर्गर वाचवायचा.

"आदल्या दिवसापासून बर्गर बंद," मी त्याला बजावलं. "दुकानात चाखायचा पण नाही."

"मग काय उपाशी येऊ?"

"चहा-टोस्ट खाऊन ये. पुढचं मी बघते."

त्या सकाळी तो खुर्चीत बसला, नर्सने सुई लावली आणि मी गोळीसाठी खिशात हात घातला. तेवढ्यात भावजय थर्मास घेऊन आली. तिने शेक करून आणला होता, रात्रीपासून भिजवलेला की काय कोण जाणे, झाकण उघडताच अख्ख्या खोलीत व्हॅनिला घमघमला.

"ताई, आजच्या दिवस भांडू नका," ती म्हणाली. "ह्याच्या अंगात एवढं विष जाणार. त्याआधी काहीतरी चांगलं जाऊ दे."

डब्यात औषधाच्या आड येणारं काही आहे का, हे मी डॉक्टरीणबाईंना आधीच विचारून घेतलं होतं, भांडणात मुद्दा म्हणून वापरायला. तसं काही नव्हतं. खिशातला हात मी बाहेर काढला. मनात आलं, एका दगडात दोन पक्षी. शरीराला बळी हवाच आहे, तर हा घ्या. बर्गरही वाचेल आणि पावडरची कटकटही जन्माची मिटेल.

"दे," मी म्हणाले.

ती बघतच राहिली. "खरंच, ताई?"

"खरंच. औषध सुरू व्हायच्या आत संपव म्हणावं. सगळा."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ढोल्याला माझ्या गोळ्यांचं गुपित माहीत होतं. वॉर्डातले किस्से मी त्याला नेहमी सांगायचे. त्याने ग्लासावरून माझ्याकडे पाहिलं, भिवई उडवली आणि गालात हसला. लहानपणी नावडती भाजी आईच्या नकळत माझ्या ताटात सरकवायचा तेव्हा असाच हसायचा. मग एका दमात शेक प्यायला. ग्लास तिनेच धरला होता. दुसरा हात त्याच्या केसांवर होता, आणि औषधाची बाटली रिकामी होईपर्यंत तिने तो काढला नाही.

"ताई, फोटो काढूया ना, तिघांचा," ती म्हणाली. मी पांढऱ्या कोटात, गळ्यात ओळखपत्र, त्याच्या हातात ग्लास, तिच्या मांडीवर डबा. मी छान हसले.

माझा हिशोब बरोबर निघाला. त्या संध्याकाळी तो भडाभडा ओकला, आणि पुढे डब्याचं नाव काढलं तरी त्याला मळमळायचं. बर्गर मात्र तो आवडीने खायचा. वजन थोडं वाढलंसुद्धा. डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली. भावजयीने दोनतीनदा थर्मास आणून बघितला आणि मग मुकाट्याने परत नेला. "राहू दे गं, सोसत नसेल," मी तिला म्हणाले, फार समजूतदारपणे.

त्यांच्या घरात काय चाललं होतं ते मला ठाऊक नव्हतं. मी दुपारी जायचे तेव्हा ती बाहेर असायची, आणि ढोल्या याबद्दल चकार शब्द काढत नव्हता.

मग एक दिवस ते निवृत्त शिंपी तपासणीला आले. कारलंवाले. गालफडं बसलेली, शर्ट खांद्यावरून ओघळलेला, तोही त्यांनी स्वतः शिवलेला. वजन घसरलं होतं. "मी सांगितलेलं खाताय ना?" मी विचारलं. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"मॅडम, आम्हाला अंडी, दूध, मासे सांगता आणि सख्ख्या भावाला हे देता? मग मीही हेच चालू केलं. बाकी सगळं बंद."

आमचा तिघांचा फोटो. खाली ओळ: 'मोठ्या हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ आपल्या भावासाठी हेच निवडतात.' किती जणांकडे गेला होता देव जाणे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिंप्यांना कसंबसं समजावून, नवा आहार लिहून देऊन मी कोट न काढताच निघाले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. दार भावजयीने उघडलं. हात कोपरापर्यंत साबणात.

"तो फोटो काढून टाक," मी उंबऱ्यातूनच म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. तुझ्यापायी माझा पेशंट उपाशी मरायला निघालाय."

तिने हात पुसले, मोबाइल घेतला, दोन-तीन वेळा बोट फिरवलं. "काढला," ती म्हणाली. "माझी चूक झाली, ताई. आमच्या साथींच्या गटात टाकला तेव्हा मी आनंदात होते." एवढंच. भांडायला आलेल्या माणसासमोर भांडणच उरलं नाही. ती परत न्हाणीघरात गेली. बादलीत तिचे कपडे होते. वाळलेले, स्वच्छ दिसणारे कपडे ती पुन्हा धूत होती.

"ताई, तुम्ही वॉर्डात इतकं बघता," ती पाठमोरी म्हणाली. "एक विचारू? मी जवळ गेले की ह्याला उलटी होते."

"औषधाने होते तशी."

"नाही. तुम्ही गेलात की होत नाही. नर्स येते, तेव्हा होत नाही. कुलूपवाले येऊन तासभर बसले, बिड्यांचा वास मारत होते, त्यांनाही काही नाही. फक्त मी. उशी सरळ करायला वाकले की तोंड फिरवतो. आधी म्हणायचा गरम होतंय, लांब बस. आता नुसता हाताने सांगतो, जा. साबण बदलला. अत्तर फेकून दिलं. कपडे रोज दोनदा धुते. मी काय केलंय हो त्याला?"

तिचं बोलणं संपायच्या आत मला कळलं. ग्लास धरलेला हात, केसांवरचा हात, आणि त्या दोन्ही हातांना येणारा तो वास. मी स्टुलावर बसले आणि तिला सगळं सांगितलं. गोळ्या कशासाठी असतात, त्या दिवशी मी गोळी का दिली नाही, 'दे' का म्हणाले. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. गिऱ्हाइकांचं ऐकायची तसं ऐकलं.

"म्हणजे ते त्याला नकोसं होणार हे तुम्हाला माहीत होतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"म्हणून हो म्हणालात."

"हो."

"मी रडले होते, ताई. मला वाटलं, तुम्ही मला शेवटी मानलंत."

मला तिच्याकडे बघवेना. बादलीतलं पाणी बघत बसले.

"किती दिवस टिकतं हे?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही. काहींचं लवकर जातं. काहींचं वर्षानुवर्षं."

"त्याच्याकडे आहेत का वर्षं?"

ती उठली आणि बिछान्यामागचे डबे बाहेर काढायला लागली.

मी आत ढोल्याकडे गेले. पातळ भिंतीतून त्याने सगळं ऐकलं होतं. "तिला का सांगितलंस?" तो म्हणाला. "मी सांभाळून घेत होतो ना." मग, "सगळ्या पेशंटना विचारतेस, कुठली चव गेली तर चालेल. मला विचारलंच नाहीस." रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

आजही कुणी विचारलं तर मी म्हणेन, पुस्तकाप्रमाणे मी चुकले नव्हते. बळी निवडायचा, तो ठळक वासाचा निवडायचा, जेवणाला धक्का लागू द्यायचा नाही. सगळं बरोबर. फक्त त्या वासाला हातपाय आहेत आणि ती त्याच्या शेजारी झोपते, एवढं मी बघितलं नाही.

डबे गेले. तिने भिंती पुसल्या, गादी बदलली, पडदे उतरवले, माझे कपडे घातले. तिने विकणं थांबवल्याचं गटावर लिहिलं, तर त्याच दिवशी तिला गटातून काढून टाकलं. उठता-बसता 'ताई, ताई' करणाऱ्या त्या सगळ्या साथींपैकी एकीनेही नवरा कसा आहे म्हणून फोन केला नाही. आठवडाभराने ती माझ्या सदऱ्यात, माझ्या साबणाने अंघोळ करून त्याच्या दारात उभी राहिली. व्हॅनिलाचा मागमूस नव्हता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. "आलीस?" म्हणाला, आणि लगेच पोट धरून वाकला.

आता वासाचीसुद्धा गरज उरली नव्हती. हेही मी वॉर्डात बघितलंय. काहींना हॉस्पिटलचं फाटक दिसलं तरी उलटी होते. त्याच्या शरीराने तिलाच ओळखून ठेवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी औषधं बदलून बघितली. ज्याने उलटी थांबायची त्याने त्याला गाढ झोप लागायची.

मग त्यांनी आपला मार्ग काढला. ती स्वयंपाकघरात, तो पलंगावर, मध्ये एक भिंत, आणि दोघांच्या कानाला मोबाइल. आवाजाने त्याला काही व्हायचं नाही. दिवसभर गप्पा. कॉलेजातली पोरं काय मारतील अशा. एकदा मी गेले तर फोनवर बर्गरची शिकवणी चालू होती. दुकान बंद झाल्यापासून बर्गर मी करून द्यायचे, आणि माझा बर्गर म्हणजे, ढोल्याच्या शब्दांत, 'हॉस्पिटलचा'. म्हणून आता तिने करायचं ठरवलं होतं. तिने आयुष्यात मासा चिरला नव्हता.

"सुरी तिरकी धर. दाबू नकोस, ओढ," मोबाइलमधून आवाज येत होता, आणि थोडासा भिंतीतूनही. "किती बारीक केलंस?"

"बोराएवढं."

"बोर कुणाचं? छोटं की मोठं?"

"आता बोरं मोजू का तुझ्यासाठी?"

"बरं, असू दे. कोळंबी कुट. आवाज ऐकू येऊ दे मला. हां. अजून. अजून. थांब! आता बोटाला लावून बघ, ओढली जातेय का?"

"जातेय."

"मीठ घाल आणि एकाच दिशेने फिरव. दिशा बदललीस तर मला कळेल."

"कसं कळेल रे?"

"बायको आहेस, कळेल."

ती हसली आणि हातातलं भांडं ठेवून भिंतीला टेकली. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, मिश्रणाने माखलेले. मी तिचे डोळे पुसले. तेवढं तिने मला करू दिलं. तव्यावर टाकल्यावर तिने मोबाइल चरचरणाऱ्या तव्याजवळ धरला आणि त्याने आवाजावरून सांगितलं, आता उलट. आतपर्यंत शिजलाय ना हे मी सुईने टोचून बघितलं. त्याच्या रक्तात तेव्हा लढायला शिपाईच नव्हते, कच्चं चाललं नसतं. ताट मी आत नेलं.

त्याने पहिला घास खाल्ला आणि बराच वेळ चावत राहिला.

"मीठ कमी आहे," तो मला कुजबुजला. "सांगू नकोस." आणि मोबाइलमध्ये मोठ्याने, "दुकान तुझ्या नावावर करतो!"

अख्खा खाल्ला. पुढचे बरेच दिवस रोज खाल्ला, तिच्या हातचा. मीठही जमायला लागलं. भिंतीपलीकडून ती विचारायची, संपवलास का, आणि तो रिकामं ताट वाजवून दाखवायचा. मी मनात म्हणायचे, निदान हे तरी वाचलं. बर्गर वाचला म्हणून ती त्याच्यापर्यंत पोचतेय. माझ्या मनाची समजूत मीच घालायचे.

नंतरचा स्कॅन वाईट आला. वजन टिकलं होतं, रक्त बरं होतं, आणि गाठी तरीही वाढल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी मला आधी बोलावलं. टेबलावरच्या त्या चित्रांकडे बघताना मला पहिल्यांदा कळलं की पोटभर खाऊ घातलं की माणूस जात नाही, अशी माझी इतकी वर्षं लहान मुलासारखी समजूत होती. औषध बंद झालं. त्याला घरी आणलं. नर्स दिवसातून दोनदा येऊन इंजेक्शन देऊन जायची.

त्या दुपारी भावजयीने मिश्रण कालवून ठेवलं होतं. मी ढोल्याच्या उशाशी बसले होते. ढोल्या म्हणवत नव्हतं आता त्याला. पांघरुणाखाली कुणी आहे की नाही कळू नये इतका तो उरला होता. मोबाइल छातीवर, चालूच.

"ताई, आता वजन कुणाला दाखवायचंय का?"

"नाही रे."

"मग बर्गर नको. तिला बोलव."

"ढोल्या, उलटी होईल."

"होऊ दे."

"अंगात त्राण नाहीत तुझ्या. एक इंजेक्शन आहे. नर्सला सांगते, ते घे आणि मग..."

"ते घेतलं की झोप लागते. मग ती आली काय नि न आली काय."

मी वाद घालायला लागले. हो, तेव्हाही. अंगातलं पाणी जाईल, घशाला जखम होईल, कळा येतील. शिकलेलं सगळं बडबडले. त्याने ऐकून घेतलं. मग माझा हात धरून म्हणाला, "तुझं पथ्य पुरे आता, ताई. मला माझी बायको हवीय."

भिंतीपलीकडे नळ वाहायचा थांबला. ती ओल्या हातांनीच आली. मी ओकायचं भांडं घेऊन उभी होते, ते तिने माझ्या हातातून काढून घेतलं आणि त्याच्या शेजारी पलंगावर बसली, इतक्या दिवसांनी. त्याचं अंग लगेच आकसलं. तो वाकला, ओकला. पोटात काही नव्हतंच, नुसतं पिवळं पाणी. ती घाबरून उठायला लागली, तर त्याने तिचं मनगट पकडलं.

"जाऊ का रे?"

"नको."

पुन्हा उमासा आला. तिने त्याचं कपाळ आपल्या खांद्यावर टेकवून धरलं, तोंड पुसलं, भांडं पुढे केलं. तो थरथरत होता, ती रडत होती, आणि दारात उभी राहून मीही रडत होते, तोंडावर हात दाबून, कारण तिथे माझं काही काम नव्हतं. माझ्या धंद्यात उलटी म्हणजे वाया गेलेलं अन्न. किती गेलं ते आम्ही अंदाजाने मांडतो आणि भरून कसं काढायचं ते लिहितो. त्या भांड्यात काय वाया जात होतं हे मला लिहिता आलं नसतं.

दोन उमाशांच्या मध्ये जरा उसंत मिळाली. त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. वास केसांत राहतो म्हणून तिने मधल्या काळात केस कानापर्यंत कापून टाकले होते; त्याने ते इतक्या जवळून बघितले नव्हते.

"कधी कापलेस?" त्याने विचारलं.

"झाले बरेच दिवस."

"चांगली दिसतेस," तो म्हणाला, आणि परत ओकला. तिने भांडं धरलं. मनगट त्याने सोडलं नाही.